अधिवेशन चालू असताना

पुण्यात आमच्या मेसमध्ये एक टीव्ही आहे. त्यावर विधानसभेची बातमी लागली, गोंधळ दिसला, की माझी नजर टीव्हीवरून निघते आणि शेजारच्या भिंतीवर जाते. मी टोपी शोधत असते. तिथं टोपी नसणार हे माहीत असतं, त्या भिंतीला साधी खुंटीसुद्धा नाही. तरी नजर जाते. बी.ए.ची वर्षं मी शिरूरला ज्या घरात राहिले, तिथं सभागृह चालू आहे की बंद पडलंय हे टीव्हीवरून नाही, टोपीवरून कळायचं.

त्या टोपीच्या मालकाबद्दल मला लिहायचं आहे. ते माझे घरमालक. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, मीही म्हणायचे. नीट जमेल की नाही माहीत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळं काही लिहिलं की ते आधी कुणाला तरी ऐकवावं असं वाटतं. आप्पांना ऐकवलं असतं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं असतं आणि मध्येच हात वर करून हरकत घेतली असती.

आमचं गाव मांडवगण फराट्याच्या पुढं, भीमेच्या काठाला. नदी ओलांडली की दौंड तालुका. माझं नाव शिरूरच्या कॉलेजात घातलं तेव्हा वडील आणि मी खोली शोधत फिरत होतो. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. घरमालक ठरलेले प्रश्न विचारायचे. रात्री किती वाजता येणार, भेटायला कोण येणार, खोलीत स्वयंपाक काय करणार. आप्पांनी यातलं काहीच विचारलं नाही. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मला म्हणाले, "तुमचा आमदार कोन?"

मी नाव सांगितलं.

"मागच्या अधिवेशनात त्यो काय बोलला?"

मला माहीत नव्हतं. मी दादांकडं बघितलं. दादा घाईघाईनं म्हणाले, "आमच्या पुतनीच्या लग्नाला आलते की साहेब. चांगलं तासभर बसले."

आप्पांनी मान वळवून आत काकींकडं बघितलं, पैज जिंकल्यासारखं. काकी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या आतूनच म्हणाल्या, "द्या खोली त्या पोरीला. उगं छळू नका."

खोली मिळाली. वर जिन्यालगतची, एका खिडकीची. दुसऱ्या कॉटवर न्हावऱ्याची एक मैत्रीण होती. खाली आप्पा आणि काकी, आणि मागच्या दोन खोल्यांत बिहारकडचं एक कुटुंब. नवरा रांजणगावच्या कंपनीत कामाला, भाभी घरी.

आता टोपीचं सांगते. अधिवेशन असलं की आप्पा सकाळी अंघोळ करून परीटघडीचे कपडे घालायचे, टोपी घालायचे आणि टीव्हीसमोर बसायचे. लोडाला टेकून वगैरे नाही, खुर्चीत ताठ. शोकप्रस्ताव आला की उभे राहायचे. त्या वेळी समोर कुणी बसलेलं असेल तर त्यालाही उभं राहावं लागे. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस एकदा सिलिंडर खांद्यावर ठेवून तसाच उभा राहिलेला मी पाहिलाय. आणि गोंधळ होऊन अध्यक्षांनी कामकाज तहकूब केलं की आप्पा टोपी काढून खुंटीला अडकवायचे. पुन्हा सुरू झालं की पुन्हा घालायचे. कॉलेजातून येताना दारातून खुंटी दिसायची. खुंटीवर टोपी असेल तर त्या दिवशी त्यांच्याशी जपून बोलायचं असा आम्ही पोरींनी नियमच केला होता.

काकी म्हणायच्या, "लोकास्नी सवत असती. मला अधिवेशन हाय."

त्यांना आम्हा भाडेकरूंचीही सभा घ्यायची हौस होती. नळाला पाणी थोडा वेळ यायचं आणि त्यावरून आमची आणि भाभींची कुरबुर चालायची. आप्पांनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं. त्यांचा नियम एकच होता, बोला, पण बसून बोला. कुणी तावातावानं उभं राहिलं की ते त्याच्याकडं बघायचंच सोडून द्यायचे. भाभी एकदा चिडून निघाल्या तर आप्पा शांतपणे म्हणाले, "भाभी, आप गया तो पानी का बात बी गया. बैठो." त्यांचं हिंदी असंच होतं. भाभी हसल्या आणि बसल्या. संध्याकाळ होत आली, काकींनी दोनदा जेवायला हाका मारल्या, तरी आप्पा कुणाला उठू देईनात. शेवटी ठरलं की भाभींनी आधी भरायचं, कारण त्यांच्या नवऱ्याची शिफ्ट लवकर असते, आणि आम्ही नंतर. ठरलं ते आम्ही खोली सोडेपर्यंत चाललं. मला तेव्हा या सभांचा कंटाळा यायचा. आता होस्टेलवर पाण्यावरून भांडणं होतात, वॉर्डनकडं तक्रारी जातात, नोटिसा लागतात, आणि मला तो ओटा आठवतो.

हे वेड त्यांना कुठून लागलं, हे त्यांनी स्वतःच एकदा सांगितलं. तरुणपणी ते गावचे सरपंच होते. मांडवगण फराटा हे त्यांचं मूळ गाव. शेती मोठी, भावकी मोठी. पंचायतीत दोन गट, दोन्ही सारखेच. यांच्या गटानं विषय मांडला की त्यांचा गट उठून जायचा, त्यांनी मांडला की यांचा. सभा भरायची आणि मोडायची. वरच्या आळीला नळ न्यायचा साधा विषय होता, तोही असाच लटकला. त्या आळीच्या बाया विहिरीवरून पाणी आणत राहिल्या.

"पाच वर्सं सरपंच व्हतो मी," आप्पा म्हणाले. "धड एक काम झालं न्हाई. आन् तरी पुन्हा निवडून आलो. कशानं आलो सांग?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"गावातलं एक बी लगीन चुकवलं न्हवतं. कुनाचं दहावं चुकवलं न्हवतं. वरच्या आळीच्या बायांनी बी मलाच मत दिलं. डोईवर हंडा घिऊन मला म्हनायच्या, सरपंच लई चांगला, सुखदुःखाला येतो."

हे सांगताना ते हसत होते. पण चहा तसाच राहिला होता, मी कप उचलून आत नेला.

आमच्याकडं खरंच तसंच आहे. बाहेरच्या वाचकाला गंमत वाटेल, पण आमच्या भागात पुढाऱ्याची परीक्षा लग्नमंडपात आणि दशक्रियेच्या घाटावर होते. कुणाचंही दहावं असो, माईकवर एक माणूस असतो, तो आलेल्या पुढाऱ्यांची नावं घेतो, आणि एकेकजण उठून श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलतो. आमदार आले म्हणजे गेलेल्या माणसाचा मान राहिला. नाही आले तर घरचे वर्षभर ते मनात ठेवतात. मीही यातच वाढले. आप्पांच्या घरी येईपर्यंत यात काही चुकीचं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

माझा स्वतःचा यात काय संबंध, तेही सांगायला हवं. आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात दादा उसाला पाणी द्यायला बॅटरी घेऊन जातात. आणि आता आमच्या उसात बिबट्या आहे. आधी कुत्री गेली, मग शेळ्या, मग शेजारच्या वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या माणसावर झेप घेतली. ते वाचले, पण हात कायमचा गेला. रात्रीच्या आठवड्यात आई झोपत नाही. शिरूरला असताना मीही झोपत नव्हते. सकाळी घरी फोन लावायचे आणि दादांचा आवाज ऐकला की ठेवून द्यायचे.

आप्पांनी एकदा विचारलं, रोज सकाळी फोनवर एवढंसं काय बोलतेस. मी सांगितलं. ते म्हणाले, "मग ह्ये सभागृहात का न्हाई?" आणि त्या दिवसापासून ते आमदारांच्या मागं लागले. फोन केले, ऑफिसात जाऊन बसले. शेवटी आमदारांनी लक्षवेधी दिली. म्हणजे एका विषयाकडं सरकारचं लक्ष वेधायचं, मग मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. विषय होता बिबट्याच्या भागात शेतीला दिवसा वीज. सरकारनं सभागृहात हो म्हटलं की मग ते फिरवता येत नाही, असं आप्पांचं म्हणणं होतं.

पावसाळी अधिवेशनात ती लागली. त्या दिवशी आप्पांनी भाभींनाही बोलावलं. काकींनी शिरा केला. मी कॉलेज बुडवलं. टीव्हीवर आधीच्या विषयावरून काहीतरी वाजलं आणि माणसं अध्यक्षांच्या समोरच्या मोकळ्या जागेत उतरली. घोषणा, फलक. त्या गर्दीत भाभींनी बोट दाखवलं, "अप्पाजी, ये वही हैं ना?" तेच होते. आमचे आमदार फलक उंच धरून ओरडत होते. पुढचाच विषय त्यांचा होता आणि तो येऊ नये म्हणून जणू ते स्वतःच ओरडत होते. कामकाज आधी थोड्या वेळासाठी तहकूब झालं, मग दिवसभरासाठी.

आप्पांनी टोपी खुंटीला लावली. नेहमी ते चिडायचे, त्या दिवशी चिडले नाहीत. मला म्हणाले, "तुझ्या दादाचा ह्यो आठवडा कुठला?"

मी म्हटलं, रात्रीचा.

त्यानंतर त्याच आठवड्यात न्हावऱ्याला चातुर्मासाआधीच्या शेवटच्या तिथीचं एक मोठं लग्न होतं. अधिवेशन चालूच होतं, पण रोज बंद पडत होतं, त्यामुळं आमदार गावाकडं आले होते. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीच्या भावकीतलं लग्न म्हणून मी गेले होते, आणि आप्पांच्या भावकीची तिथं सोयरीक होती म्हणून आप्पाही आले होते. आमदार आले, माईकवरून नाव पुकारलं गेलं, फेटा बांधला, नारळ दिला. ते वधूवरांना आशीर्वाद द्यायला उभे राहिले. म्हणाले, "आज अधिवेशन सोडून मी फक्त तुमच्या प्रेमापोटी आलोय." टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा पहिल्या रांगेतून आप्पा उठले. हात जोडलेले होते. आवाज अजिबात चढवला नाही.

"साहेब, आलात, लई बरं केलं. तिकडं आज काय काम झालं तेवढं सांगा की."

मग मागून कुणीतरी हसलं, मुलीकडचा एकजण आप्पांचा दंड धरून त्यांना बसवायला लागला. नवरदेवाचा मामा मोठ्यानं म्हणाला, "म्हाताऱ्याला जेवायला घाला आधी, भुकंनं बोलतंय." सगळे हसले. आमदारही हसले, पण त्यांनी भाषण आवरतं घेतलं. आप्पांच्या पुतण्यांनी त्यानंतर बरेच दिवस त्यांच्या घरी पाऊल ठेवलं नाही. भावकीची अब्रू घालवली म्हणाले. काकींना त्याचं फार लागलं. आप्पांनाही लागलं असणार. ते फक्त एवढंच म्हणाले की मी बसून बोलायला पाहिजे होतं.

आमदार दोन-चार दिवसांनी सकाळीच घरी आले. गाड्यांचा ताफा नव्हता, एकटेच. आप्पांच्या पाया पडले आणि ओट्यावर मांडी घालून बसले. काकींनी चहासाठी दूध आणायला सांगितलं होतं, ते घेऊन आत जाताना मला थांबावंसं वाटलं, आणि आप्पांनी हातानं खूण केली की बस. म्हणून मी बसले.

मला वाटलं होतं आमदार रागावतील. ते रागावले नाहीत. दमलेले दिसत होते. म्हणाले, फलक धरायचा निरोप वरून आला होता. निरोप आला की उतरावं लागतं. आप्पांनी विचारलं, पुढचा विषय तुमचाच आहे हे ठाऊक होतं का. आमदार म्हणाले, व्हय. मग ते जे बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं.

"आप्पा, सभागृहात चांगलं बोलून पडलेली मानसं मी बघितल्यात. लग्नाला जाऊन पडलेला मानूस अजून बघितला न्हाई. तुमी टीव्ही लावून बसता. दुसरं कोन बसतं? तुमच्या मांडवगणात विचारा, मत कशावर दिलं."

आप्पांना मांडवगणात विचारायची गरजच नव्हती.

मग म्हणाले, "आन् आमीच तुमाला सोडलं तर?"

"कशातनं?"

"लग्नातनं. दहाव्यातनं. अधिवेशन हाय तवर."

आमदार हसले. "सोडत्याल व्हय लोक?"

"सोडत्याल. मग मात्र तुमाला तिथनं उठायला कारन ऱ्हानार न्हाई, साहेब. मग आमी फक्त एवढंच विचारनार, काय केलं."

आमदार म्हणाले, बघा जमतंय का. जाताना त्यांनी लक्षवेधी पुन्हा देतो असं सांगितलं, आणि मला वाटतं ते मनापासून म्हणाले.

तिथून आप्पांचा तो उद्योग सुरू झाला, ज्यामुळं लोक त्यांना पुरतं वेडं म्हणायला लागले. त्यांना गावोगावच्या ग्रामसभेत एक ठराव करून हवा होता. अधिवेशन चालू असताना आमदार आमच्या लग्नकार्याला किंवा दशक्रियेला आले नाहीत तर गाव राग धरणार नाही. एवढाच. मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला. 'राग धरणार नाही' हे सरकारी भाषेत बसत नाही असं मी म्हटलं, पण त्यांनी ते बदलू दिलं नाही. म्हणाले, खरा अडसर तोच आहे.

सुट्टीच्या दिवशी मी दोन-तीन ठिकाणी त्यांच्याबरोबर गेले. एसटीनं, कधी माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं. तळेगाव ढमढेऱ्याला बाजाराच्या दिवशी ते कांद्याच्या ढिगांमधून फिरत एकेकाला धरून हे सांगत होते आणि लोक त्यांना कांद्याचा भाव विचारत होते. कुठं ग्रामसभाच भरली नाही. आमच्याकडं पहिली सभा माणसं कमी म्हणून तहकूब होते, हे सगळ्यांना माहीतच असतं, म्हणून पहिल्या सभेला कुणी जातच नाही. दुसऱ्या सभेला पाच-सात जण असतात. त्या पाच-सात जणांनी आप्पांना चहा पाजला आणि विषय पुढच्या सभेवर टाकला.

मांडवगणात मात्र सभा भरली. आप्पांनी विषय मांडला. लोक हसले, मग आप्पांकडं बघून गप्प झाले. मग वरच्या आळीची एक वयस्कर बाई बसल्या जागेवरून बोलली. ती आप्पांना चांगली ओळखत असावी.

"आप्पा, आमचा मालक गेला तवा आमच्या दारात कोन येत व्हतं? साहेब आला. माझ्यासमोर खाली बसला. मला वाटलं, आपलं बी कुनीतरी हाय. तेवढं एकच मिळतं आमाला. ते बी तुमी काढून घेताय व्हय?"

आप्पा उभे होते ते खाली बसले. ठराव झाला नाही. परतीच्या एसटीत ते खिडकीपाशी बसले होते. मी त्यांना म्हटलं की तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, "तिचं बी बरूबर हाय गं. तिला त्या सभागृहातनं कायतरी मिळालं असतं, तर हिकडं यायला कोन म्हनलं असतं?"

बी.ए. झाल्यावर मी पुण्याला आले. जाताना आप्पांनी मला पेढा दिला आणि म्हणाले, आता सभात्याग करताय, करा. मी आठवड्याला फोन करायचे, मग पंधरवड्याला. पावसाळ्यानंतर कळलं की त्यांना बरं नाही आणि लेकीनं दौंडला नेलंय. मी रेल्वेनं गेले. ते कॉटवर होते, खूप बारीक झाले होते. टीव्ही दुसऱ्या खोलीत होता, नातवंडं कार्टून बघत होती. त्यांनी मला आधी दादांचं विचारलं, मग लक्षवेधीचं. मी म्हटलं, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात नक्की लागणार, मी आमदारांच्या ऑफिसात विचारलंय. त्यांनी मान हलवली. मग खूण करून काकींना जवळ बोलावलं आणि आम्हा दोघींसमोर म्हणाले, मी त्या दिवसांत गेलो तर साहेबाला निरोप धाडायचा नाही. काकी म्हणाल्या, असलं अभद्र बोलू नका.

ते त्याच दिवसांत गेले.

दशक्रिया मांडवगणला, भीमेच्या घाटावर होती. मी आदल्या दिवशी गावी गेले आणि सकाळी दादांबरोबर घाटावर आले. पाण्याला गारवा होता, पलीकडं दौंडच्या बाजूला ऊसतोड चालली होती. माणसं खूप आली होती, ज्यांनी त्यांना वेडं म्हटलं होतं तीही. काकींनी मला बघितलं आणि जवळ बसवलं. हळूच म्हणाल्या की पुतण्यांनी निरोप धाडलाच, माझं ऐकलं नाही. लोक काय म्हणतील म्हणाले.

सकाळपासून सगळ्यांचं लक्ष रस्त्याकडं होतं. दादा अधूनमधून उठून उंचावर जाऊन बघून येत होते. आणि मग गाड्या आल्या. आमदार रात्रभर प्रवास करून नागपूरहून आले होते. डोळे लाल होते. माईकवरच्या माणसाचा आवाज एकदम बदलला. दादांनी माझ्याकडं वळून बघितलं. तोंडावर समाधान होतं. "आला बघ," म्हणाले. "आप्पांसाठी नागपूरवरनं आला."

आमदार चांगलं बोलले. असा मतदार प्रत्येक गावात एक असता तर आम्हाला झोप लागली नसती, असं म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच कापला. मी रडले. पण माझ्या मांडीवर मोबाईल होता आणि त्यावर सभागृह चालू होतं. आवाज बंद केला होता. त्या दिवशी कुणी मोकळ्या जागेत उतरत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. खूप दिवसांनी सभागृह शांत चाललं होतं आणि विषय भराभर पुढं सरकत होते. खाली पट्टीवर आमदारांचं नाव आलं. मी आवाज अगदी बारीक चालू करून मोबाईल कानाला लावला. अध्यक्षांनी ते नाव पुकारलं. पुन्हा एकदा पुकारलं. सदस्य अनुपस्थित, असं म्हणून पुढचा विषय घेतला.

आमदार काकींना भेटायला आमच्याकडं आले तेव्हा मी उभी राहिले. मोठ्या माणसांसमोर मला बोलता येत नाही, अजूनही येत नाही. मी म्हटलं, "साहेब, तुमची लक्षवेधी लागली होती. आत्ता नाव पुकारलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मोबाईलकडं. "आत्ता?"

"हो. पुढं गेली."

त्यांनी कपाळावर हात फिरवला. "नंबर लई खाली व्हता. मला वाटलं, आज बी बंदच पडंल."

काकींनी पदरानं तोंड पुसलं. आमदार अजून थोडा वेळ तिथं उभे राहिले, काहीतरी सांगायचं असावं तसे, मग त्यांना कुणीतरी गाडीकडं नेलं. अजून दोन दशक्रिया होत्या म्हणे.

दादा मागंच उभे होते. गाड्यांची धूळ खाली बसल्यावर त्यांनी विचारलं, "तू साहेबाला काय म्हनलीस? कशाचं नाव पुकारलं?"

मी सांगितलं. दिवसाच्या लाईटचा विषय होता, दादा. आपल्या बिबट्याचा. आज नागपूरला मंत्री उत्तर देणार होते.

दादांचा तो आठवडा रात्रीचा होता.

"मग त्याला हितं बोलावलं कुनी?" म्हणाले.

पुतण्यांचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं, पण दादांना ते विचारायचं नव्हतं. घाटावरची माणसं चपला शोधत उठत होती, आमदार आले होते असं एकमेकांना सांगत होती. दादा त्यांच्याकडं बघत होते. मग माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाले, "मी बी सकाळधरनं रस्त्याकडंच बघत व्हतो."